दुरडीखालची अर्धी भाकर

माय, सगळ्यांत आधी आली ती समोरची जिजी. पाव्हण्यांची गाडी अजून बुऱ्हाणपूरला लागली नव्हती आणि ही विरजण मागायला हजर. रोज घरी दही लावणारी बाई, हिचं विरजण आजच बरं संपलं! वाटी ओट्यावर ठेवली, पदर सावरला, खुर्ची ओढली आणि अशी बसली की मी समजले, ही आता जेवणं होईपर्यंत हलत नाही. "काय वं, नात येते म्हणे? आणि संगं कोणी बंगालीण आहे म्हणे?" तिला कोणी सांगितलं देव जाणे. मी तर फक्त दूधवाल्याला, भाजीवालीला आणि तिच्याच सुनेला सांगितलं होतं. पण खरं सांगू का, ती आली ते मला बरंच वाटलं. आनंद एकटीनं किती वेळ सांभाळायचा? सकाळपासून मी सारखी दारात जाऊन येत होते. ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ दळून ठेवलं होतं, पोराला पाठवून माव्याची जिलेबी आणवली होती, आणि ती गरम राहावी म्हणून डब्याला टॉवेल गुंडाळून वर उशी ठेवली होती. सून म्हणाली, "आत्या, जिलेबीला ताप आलाय का?" सून मला आत्याच म्हणते, तू तुझ्या सासूला म्हणायचीस तशी.

तुला ही नात माहीत नाही. तू गेलीस तेव्हा तिचा बापच माझ्या कडेवर होता. दापोऱ्याला आमची केळी आहेत, पण पोरगी केळीत कधी रमली नाही. शिकली, खूप शिकली, आणि गेली कुठं तर पार बंगालात, समुद्राच्या तोंडाशी जे जंगल आहे तिथं. ते जंगल चिखलात उभं आहे म्हणते. दिवसातून दोनदा समुद्राचं पाणी चढतं, झाडं निम्मी बुडतात, आणि पाणी उतरलं की खाली नुसता गाळ आणि त्यातून झाडांची मुळं वर आलेली, उलटे खिळे ठोकल्यासारखी. झाडं त्या मुळांनी श्वास घेतात म्हणे. आणि त्या गाळात वाघ. पोहणारे वाघ, माय! ते वाघ टिकले पाहिजेत, हे हिचं काम. नावेतून जायचं, पाणी उतरलेलं असताना झाडांना कॅमेरे बांधायचे, पट्ट्यांवरून कोणता वाघ कोणता ते ओळखायचं. जंगल आणि गाव यांच्या मधे नायलॉनची लांबच लांब जाळी लावलेली आहे, ती कुठं फाटली ते बघत फिरायचं. जाळी फाटली की वाघ गावात येतो, मग गाव वाघाला मारतं, नाहीतर वाघ गावातल्या कोणाला. मोबाइलवर तिनं मला फोटो दाखवला. मी म्हटलं, हा वाघ कसला, डबक्यातून उठलेली म्हैस आहे. पट्टे चिखलात गेलेले, पोट खपाटीला. पोरगी रुसली. "आजी, प्लीज! वो हमारा सबसे हँडसम है."

तर बंगालीण. नात जिच्या घरी खोली घेऊन राहते आणि जी त्या नायलॉनच्या जाळ्या बांधायच्या कामावर असते, ती ही बाई. चाळिशी ओलांडलेली असेल, अंगानं वाळकी, हात मात्र पुरुषासारखे. तिनं कधी समुद्रापासून लांबचा मुलूख पाहिला नव्हता, म्हणून पोरगी सुट्टीला येताना घेऊनच आली. आल्या आल्या माझ्या पाया पडली आणि पिशवीतून त्यांच्याच जंगलातल्या मधाची बाटली काढून दिली. मला माशीमा म्हणते. त्यांच्यात मावशीला तसं म्हणतात, पण जिजी पदरात तोंड घालून हसली. "तुला माशी म्हणाली वं! आणि मधही आणला!" मग हातपाय धुऊन बंगालिणीनं पहिलं काय मागितलं असेल? तेल. सुनेनं खोबरेल दिलं. मागच्या ओट्यावर बसून किती वेळ ती केसांना तेल लावत होती, विंचरत होती. केस कोरडे ठण्ण, जटा व्हायला आलेल्या. जिजीनं मला कोपर मारलं, कपाळ मोकळं दिसतंय आणि नटणं बघ म्हणून. जेवताना तिला राहवलंच नाही. "तुम्हारे मिस्टर क्या करते, बाई?" बंगालिणीनं भाकरीचा घास तोंडात घातला होता. तो नीट चावून गिळला आणि म्हणाली, "बाघ ले गया, दीदी. शहद लेने गया था." मिस्टर ड्यूटीवर गेलेत, असं कोणी सांगावं तसं.

जिजीच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. सुनेनं आपल्या लेकीकडे पाहिलं आणि मग पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे ठेवला. माझ्यापुढे ताट नव्हतं, मी गवार निवडत होते, आणि माय, माझा हात थांबला नाही. शेंगेचं टोक मोडायचं, शीर ओढायची, तुकडा पाटीत टाकायचा. तिचं बोलणं कानात गेलं आणि आत कुठं लागलंच नाही. इतक्या वर्षांनी कोणी ताटावर बसून हे असं म्हटलं तर माझं काहीतरी होईल, असं मला वाटायचं. काही झालं नाही. बाबांचंही असंच आहे. कोणी विचारलं तर सांगते, लहानपणीच गेले, जंगलात. पुढचं सांगत नाही. लपवायचं म्हणून नाही. सांगताना मला काही वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मग मलाच त्याची समजूत काढत बसावं लागतं. जिजी त्या दिवशी लवकर उठून गेली. वाटी इथंच राहिली, विरजणही.

मला चांदनी गावातलं आपलं घर आठवतं. स्टेशनाच्या कडेला बांबूच्या थप्प्या, त्यांच्या मागं आपली खोली. तू चुलीपुढे बसली आहेस. बाबा रावेरकडून कागदाच्या मिलमध्ये नोकरी लागेल म्हणून आलेले, नोकरी लागली नाही, मिलसाठी जंगलात बांबू तोडायच्या टोळीत लागले. सकाळी ते निघताना तू एक भाकर बरोबर मधून मोडतेस. अर्धी त्यांच्या फडक्यात, अर्धी दुरडीखाली. संध्याकाळी ते आले की आधी ती दुरडीखालची अर्धी दोघांनी खायची, मग बाकीचं जेवण. टोळीतल्या सगळ्या घरांत तसंच करायचे. अर्धी घरी राहिली की जंगलात गेलेलं माणूस उरलेल्या अर्धीसाठी परत येतं, असं. मी एकदा भुकेनं दुरडीला हात लावला तर तू हातावर पळी मारलीस. "ती आपली नाही," म्हणालीस, "ती वाटेवरची आहे." त्या पळीचा चटका मला आजही सांगता येतो, अंगठ्याच्या खाली, इथं. बाबांचा चेहरा नाही सांगता येत.

ज्या दिवशी ते आले नाहीत, त्या दिवशी मुकादम आला. सकाळीच झालं होतं ते, पण आपल्याला कळलं दिवे लागायच्या वेळेला. दिवसभर तू धुणं धुतलं होतंस, मला न्हाऊ घातलं होतंस, शेजारणीशी हसली होतीस. मुकादम बोलून गेला, बाया जमल्या, आणि तू उठून दुरडी उचलून पाहिलीस. अर्धी होती. पुन्हा दुरडी झाकलीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, आता तरी ही मला देईल.

मग ठेकेदारानं बंदूकवाला आणला. काही दिवसांनी वाघ आणला त्यांनी, आपल्याच बांबूला पाय बांधून, खांद्यावर. चांदनीची सगळी माणसं लोटली. बाया चपला घेऊन पुढे झाल्या. कोणीतरी तुला मागून ढकललं, "जा, पहिला मान तुझा." तू गेलीस. चपलेला हात लावला नाहीस. वाकलीस, पोटाखाली पाहिलंस, आणि म्हणालीस, "हिला दूध आहे." हळू बोललीस. कोणीतरी "काय म्हणते?" विचारलं. तू दुसऱ्यांदा बोलली नाहीस, मला धरून घरी आणलंस. दुसऱ्या दिवशी उजाडताच तू दुरडीखालची ती अर्धी घेतलीस. कौलासारखी कडक झाली होती ती. जंगलाच्या तोंडाशी वाघदेवाचा शेंदराचा दगड होता, दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला सगळी टोळी तिथं खीर ठेवायची, त्या वाटेनं निघालीस. मी मागं. "मागं मागं येऊ नको." मी आले. तू दगडाला हातही जोडला नाहीस. त्याच्या पुढे, झाडं सुरू होतात तिथं भाकर ठेवलीस. परतताना मी विचारलं, वाघाची पिल्लं भाकर खातात का? "नाही खात." मग? तू बरंच चाललीस. बांबूच्या थप्प्या दिसायला लागल्या तेव्हा म्हणालीस, "त्यांनाही अजून कोणी सांगितलं नसेल." घरी येऊन डाळ शिजायला घातलीस. मला चौथीतून काढलंस ते त्यानंतरच. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पोरालाही नाही. आता त्या जेवणानंतर काय झालं ते ऐक. पाव्हण्या आडव्या झाल्या आणि सुनेनं मला स्वयंपाकघरात धरलं. भांडी घासता घासता आली होती, ओल्या हातांनी माझी मनगटं पकडली. "आत्या, ती कोणाचं ऐकत नाही, फक्त तुमचं ऐकते. शपथ घाला तिला. तुमच्या डोक्यावर हात ठेवून सांग म्हणा, की पुन्हा जाणार नाही. सामान घेऊन ये म्हणा. इथं शाळेत लागेल, बँकेची परीक्षा देईल, काही नाही केलं तरी चालेल. ती बाई पाहिली ना तुम्ही? माझी पोरगी त्याच पाण्यात नाव घालते." तिचा आवाज फुटला नाही, पण मनगटं अशी आवळली की माझ्या बांगड्या रुतल्या. चांगली आहे माझी सून. मी म्हटलं, घालते. आणि मी घालणारच होते, माय. त्यात काही खोट नव्हती.

सकाळी आम्ही तिघी राजघाटावर गेलो. सून मुद्दाम आली नाही. तापी आता आटलेली, खडक उघडे, एक म्हातारा म्हशी धुतोय, पलीकडे कोणाचं तरी दहाव्याचं चाललंय. पायऱ्यांवर बसलो. पोरगी माझे फोटो काढत होती, म्हणे आजी, तू हसत नाहीस फोटोत. मी म्हटलं, दात नाहीत म्हणून नाही हसत, आतून हसते. बंगालीण मात्र पाण्याकडे टक लावून. मग म्हणाली, "पानी कब चढ़ेगा?" पोरगी हसली, भरतीचं विचारतेय म्हणून. "दीदी, इधर ज्वार नहीं आता." "आता नहीं? तो ये जो जाता है, वापस नहीं आता?" नाही म्हटल्यावर ती पुन्हा पाण्याकडे बघायला लागली. जिलेबी पाहून इतकं नवल केलं नव्हतं तिनं.

मग मी विचारलं. म्हटलं, बाई, तुझा माणूस वाघानं नेला आणि तू त्याच्यासाठी जाळ्या बांधतेस, कसं बांधवतं तुला? ती काही बोलायच्या आत पोरगीच सुरू झाली. मागं एकदा जाळी फाटून वाघ गावात शिरला, कोणाच्या तरी गोठ्याआड बसून राहिला. सगळं गाव काठ्या, कोयते घेऊन. वनखात्याची माणसं येईपर्यंत मधे जाळी धरून उभं राहायचं होतं, म्हणजे लोक पुढे जाऊ नयेत आणि तो बाहेर येऊ नये. "आजी, ये सबसे आगे खड़ी थी. लोग क्या क्या बोल रहे थे इसको. नवरा खाल्ला, आता वाघाला राखते, असं." बंगालीण म्हणाली, "जाल का गाँठ हम बाँधा था. हम नहीं पकड़ेगा तो कौन पकड़ेगा?" मी म्हटलं, आणि तोच असला तर? तुझ्या माणसाला नेलेला? ती खांदे उडवून म्हणाली, "किसको मालूम. मुँह तो सबका एक जैसा." आणि पुढे, "पानी चढ़ा, तो उसको नदी तरफ भगा दिया. वो तैरके अपना घर गया. हम लोग भी अपना घर गया. भात बनाया."

मी तिच्या केसांकडे बघत होते. आता चांगले तेलकट, चप्प बसलेले. मी विचारलं, घरी तेल मिळत नाही का गं? तर सांगायला लागली. त्यांच्याकडे पुरुष जंगलात गेला की घरातल्या बाईनं केस विंचरायचे नाहीत, तेल नाही, कपड्यांना साबण नाही, चुलीवर मिरची भाजायची नाही. तो परत येईपर्यंत. तिचा नवरा आला नाही तेव्हा गावानं म्हटलं, हिनं मिरची भाजली. "हम नहीं भूना था, माशीमा. लेकिन सब बोला, भूना." कपाळावर आठीही नाही. आणि पुढे म्हणाली, आता ही पोरगी नावेत बसली की मी पाळते. विधवेनं पाळायचं नसतं ते, विधवेचं कोण जंगलात असणार? पण पाळते. ही घरी आली की तेल लावते. या वेळी तर गाडीत बसेपर्यंत ही नावेतच होती, म्हणून लावायचं राहिलं होतं. पोरगी तिच्याकडे बघतच राहिली. "दीदी, आपने कभी बताया क्यों नहीं?" "तुम पूछा नहीं."

शपथ माझ्या जिभेवर होती. मी पोरीला म्हटलं, माझ्या डोक्यावर हात ठेव. तिला लगेच कळलं. "मम्मी ने बोला ना, आजी?" ठेव म्हटलं ना. तिनं ठेवला. नायलॉनच्या दोऱ्यानं कापून कापून तळवा असा खरखरीत झालाय की माझे केस त्यात अडकले. मी म्हटलं, "शपथ घे, वाघबारसेला घरी येशील." ती वाट बघत राहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून. "बस?" "बस. आणि हिलाही घेऊन ये." "शपथ, आजी." बंगालिणीनंही न सांगता हात जोडले आणि मान हलवली. असं का निघालं माझ्या तोंडून, मला विचारू नकोस. तूही मला सांगत नव्हतीस.

घरी आल्यावर सून दारातच. "घेतली शपथ?" घेतली. "येईल ना?" मी म्हटलं, वाघबारसेला येते म्हणाली. तिचं तोंड इतकं उजळलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. लगेच दराब्याची मिठाई आणायला नवऱ्याला बाजारात पिटाळलं, वाटेत पुरावा म्हणून. आणि ज्या दिवशी त्या निघाल्या त्या सकाळी मी कळण्याची एक भाकर थापली, निवू दिली आणि मधून मोडली. अर्धी फडक्यात बांधून पोरीच्या पिशवीत घातली. "आजी, आधी रोटी क्यों?" गाडीत खा म्हटलं, उरलेली इथं आहे. बंगालीण बघत होती. तिला कोणी काही समजावलं नाही, पण पिशवीची चेन लावायच्या आधी तिनं फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली, तिच्या पद्धतीची, जाळ्याची. स्टेशनावर जिजीसुद्धा आली. गाडी हलल्यावर तीच मोठ्यानं रडली, आम्ही कोणी नाही. थोड्या वेळानं पोरीचा फोन आला. "आजी, चांदनी गई." मी विचारलं, थांबली का? "कहाँ थांबते, आजी, धाडधाड निकल गई."

पोरगीच म्हणाली होती, कोणाला सांगता येत नाही ते लिहून काढ, मन हलकं होतं. हलकं वगैरे काही झालं नाही, बोटं दुखली. हे टाकायचं कुठं तेही माहीत नाही, पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवीन. घरात आता दुरडी नाही, मुंग्याही फार, म्हणून ती अर्धी मी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली आहे. काल सून फ्रिज पुसत होती, तिच्या हाताला लागली. "आत्या, हे काय?" मी म्हटलं, राहू दे तिथंच. तिनं माझ्याकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं, आणि पुन्हा आत ठेवली. वर एक वाटी पालथी घातली. जिजीचीच होती ती वाटी.

मोडलेली भाकर पाहून तिला काय कळलं, मला माहीत नाही. ती विचारत नाही आणि मी सांगत नाही. पोरगी येते म्हणाली, राहते म्हणाली नाही, एवढं मात्र मी अजून सुनेला सांगितलेलं नाही. वाघबारसेला येतात दोघी.